मोठ्या पॉवरच्या मशीनमध्ये लॉजिक भरकटतं तेव्हा: नॉइज शोधायचा कसा, थांबवायचा कसा

टेबलावर कंट्रोल कार्ड आठ तास बिनतक्रार चालतं. तेच कार्ड पॅनेलमध्ये बसवून लोड दिला की काउंटर दोन आकडे पुढे पळतो, फॉल्टचा दिवा कारण नसताना लागतो, मायक्रोकंट्रोलर मधेच रीसेट होतो. मग एकजण म्हणतो प्रोग्राम तपासा, दुसरा दिसेल त्या आयसीवर कपॅसिटर चिकटवतो. या दोन्हींनी अधूनमधून फरक पडतोही, आणि घोळ नेमका तिथेच वाढतो. कारण न कळता बरा झालेला फॉल्ट पुढच्या मशीनमध्ये परत येतो.

इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीन, इंडक्शन हीटर, मोठे बॅटरी चार्जर, मोटर ड्राइव्ह या सगळ्यांत दुखणं सारखंच असतं. शंभर अँपिअर चालू-बंद करणारे स्विच (आयजीबीटीसारखे पॉवर ट्रान्झिस्टर) आणि ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालणारं लॉजिक एकाच डब्यात, कधीकधी एकाच बोर्डावर असतात.

आधी थोडा हिशेब

नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारे नको असलेले झटके, आत यायला मुख्य दारं दोन. पहिलं करंटचं. सरळ वायरच्या दर सेंटिमीटरला साधारण ८ ते १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. २०० अँपिअर करंट २०० नॅनोसेकंदांत बंद झाला, तर बदलाचा वेग झाला सेकंदाला शंभर कोटी अँपिअर. त्याला १० नॅनोहेन्रीने गुणा: १० व्होल्ट. म्हणजे त्या वाटेवरच्या एका सेंटिमीटर तांब्यावर १० व्होल्टचा झटका उभा राहतो. मल्टिमीटर त्याच तांब्याचा रेझिस्टन्स शून्य दाखवत असतो, हे लक्षात असू द्या.

दुसरं दार व्होल्टेजचं. ६०० व्होल्टची उडी १०० नॅनोसेकंदांत झाली आणि त्या स्विचच्या हीटसिंकपासून तुमच्या सिग्नलच्या ट्रॅकपर्यंत केवळ १० पिकोफॅरड कपॅसिटन्स असला, तरी ६० मिलिअँपिअर करंट ट्रॅकमध्ये घुसतो. तो ट्रॅक १० किलोओहमच्या पुल-अपने ५ व्होल्टला बांधला असेल, तर पुल-अप देऊ शकतो फक्त अर्धा मिलिअँपिअर. कोण जिंकणार हे उघड आहे.

आता लॉजिकची सहनशक्ती पाहा. जुन्या ७४एलएस कुटुंबातल्या लॉजिक आयसींत लो (म्हणजे ०) बाजूला जेमतेम ०.४ व्होल्टचं मार्जिन असतं, म्हणजे एवढा नॉइज घुसला तरच लो चुकीचा वाचला जातो. ५ व्होल्टवरच्या ७४एचसीमध्ये ते सव्वा ते दीड व्होल्टच्या आसपास जातं. १५ व्होल्टवर चालणाऱ्या ४००० मालिकेच्या सीमॉसचा इनपुट ४ व्होल्टपर्यंत लो मानतो. जुन्या पॉवर कंट्रोल कार्डांवर ही मालिका का दिसते याचं उत्तर इथे आहे. शिवाय ती हळू असते, त्यामुळे बारीक स्पाइक तिच्या लक्षातही येत नाहीत. वेगवान आयसी म्हणजे चांगला आयसी, हे इथे लागू पडत नाही. १०० नॅनोसेकंदांचा स्पाइक ७४एचसीच्या गेटला पूर्ण सिग्नल वाटतो, कारण तो स्वतः १० नॅनोसेकंदांच्या आसपास निर्णय घेतो.

पॅनेल उघडण्याआधी

४०० व्होल्ट थ्री-फेज रेक्टिफाय केला की डीसी बसवर, म्हणजे स्विचेसना पॉवर देणाऱ्या मुख्य डीसी लाइनवर, सुमारे ५६५ व्होल्ट येतात, आणि मेन स्विच पाडला तरी ते कपॅसिटरमध्ये राहतात. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असू शकतो. बसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला. आणि संरक्षक अर्थिंगची वायर ‘नॉइज त्यातून येतोय का बघू’ म्हणून कधीही काढू नका, एका मिनिटासाठीसुद्धा. पुढे जे काही ग्राउंडबद्दल लिहिलंय ते सिग्नलच्या शून्याबद्दल आहे, बॉडीच्या अर्थिंगबद्दल नाही.

पायरी १: नेमकं कधी बिघडतं ते पकडा

सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी एक तास यावर घालवा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. चार परिस्थिती वेगवेगळ्या करून बघायच्या.

पहिली: फक्त कंट्रोल सप्लाय चालू, बस बंद. मशीनमधले कॉन्टॅक्टर, रिले, पंखे, सोलेनॉइड हाताने एकेक चालू-बंद करा. इथेच काउंटर पळाला तर पॉवर स्विचेस निर्दोष आहेत, चोर कॉइलमध्ये आहे.

दुसरी: बसला पूर्ण व्होल्टेज, स्विचिंग चालू, पण लोड काढलेला. करंट जवळपास नाही, व्होल्टेजच्या उड्या मात्र पूर्ण आहेत. इथे बिघडलं तर दुसरं दार, म्हणजे कपॅसिटन्सची वाट.

तिसरी: व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) किंवा वेगळ्या सप्लायने बस ३०-४० व्होल्टवर ठेवा आणि आउटपुटला असा लोड द्या की करंट पूर्ण यावा. अंडरव्होल्टेजचं संरक्षण त्यासाठी तात्पुरतं बायपास करावं लागेल, आणि ते नंतर आठवणीने परत जोडावं लागेल. व्होल्टेजची उडी आता क्षुल्लक, करंटचा झटका मात्र मोठा. इथे बिघडलं तर पहिलं दार: सामायिक शून्य किंवा चुंबकीय जोडणी.

चौथी: पूर्ण व्होल्टेज, पूर्ण लोड. फक्त इथेच बिघडत असेल तर दोन्ही थोडे थोडे आहेत, आणि तुमचं मार्जिन आधीपासूनच कमी होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या परिस्थितीतला हा फरक न पाहता लोक शिल्ड केबल टाकत बसतात. दुखणं सामायिक शून्याचं असेल तर शिल्डने काहीच होत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पायरी २: मोजताना स्वतःला फसवू नका

ऑसिलोस्कोपच्या (स्कोपच्या) प्रोबची १५ सेंटिमीटरची ग्राउंड वायर आणि प्रोबचा १० पिकोफॅरड मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजणारी घंटा तयार होते. पडद्यावरचं निम्मं रिंगिंग ती घंटाच असते. प्रोबची टोपी काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापरा, किंवा टोकाभोवती उघडी तार गुंडाळून ती आयसीच्या ग्राउंड पिनलाच टेकवा.

मग ही चाचणी करा. प्रोबचं टोक आणि त्याचीच ग्राउंड क्लिप एकमेकांना जोडा, आणि दोन्ही मिळून सर्किटच्या शून्यावर टेकवा. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी. स्पाइक दिसत असेल तर तो सर्किटमधला नाही, प्रोबच्या केबलच्या बाहेरून वाहणाऱ्या करंटचा आहे. केबलला फेराइट रिंगवर तीन-चार वेढे द्या. रेघ पुष्कळ शांत होते.

स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापून ‘फ्लोटिंग’ मापन करणारे लोक मी पाहिलेत. स्कोपची बॉडी बसच्या व्होल्टेजवर जाते, आणि मापही चुकतं, कारण पूर्ण स्कोपचा कपॅसिटन्स त्या स्विचवर लोंबकळतो. डिफरेन्शियल प्रोब उसना आणा, पण हे करू नका.

पायरी ३: करंट परत कुठून जातो ते काढा

एक कोरा कागद घ्या. प्रत्येक कार्ड, प्रत्येक सप्लाय आणि त्यांच्या शून्याच्या वायरी प्रत्यक्ष जशा ओढल्या आहेत तशाच काढा. सर्किट डायग्रामवर शून्याची खूण सगळीकडे एकच दिसते, म्हणून डायग्राम इथे उपयोगाचा नाही. प्रत्यक्षात तिथे लांबीची, वळणांची, लगची आणि कदाचित रंगावर बसवलेल्या बोल्टची वायर असते.

एका १५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर मी दोन आठवडे घालवले. एन्कोडरची, म्हणजे मोटरचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची, मोजणी लोडवर चुकायची. एन्कोडर बदलला, केबल बदलली, प्रोग्राम दोनदा चाळला. शेवटी कागदावर वायरिंग काढलं तेव्हा दिसलं की लॉजिक कार्डाची शून्याची वायर सप्लायपासून सरळ येत नव्हती. ती आधी ड्रायव्हर कार्डावर उतरून तिथून पुढे येत होती. ड्रायव्हर कार्डावर आयसोलेटेड सप्लाय बनवणारा छोटा कन्व्हर्टर होता आणि त्याच्या पायाशी असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला होता. त्यामुळे कन्व्हर्टरचा झटका कार्डावरच मिटण्याऐवजी ३० सेंटिमीटर वायरमधून परत जात होता. २ अँपिअर, १०० नॅनोसेकंद, ३०० नॅनोहेन्री: ६ व्होल्ट. एन्कोडरचा शून्य सप्लायला बांधलेला, लॉजिकचा शून्य ६ व्होल्टने उडतोय, मोजणी चुकणार नाही तर काय होईल? कपॅसिटर बदलला आणि दोन वायरी सप्लायच्या टर्मिनलपासून वेगळ्या ओढल्या. एन्कोडरची तक्रार तेव्हापासून बंद आहे.

कागदावर शोधायचं हेच: मोठा किंवा वेगवान करंट आणि सिग्नलचा संदर्भ, दोघे एकाच तांब्यावरून कुठे चालतात? तो तुकडा सापडला की दोघांच्या वाटा वेगळ्या करा. जाड वायर टाकून भागत नाही, कारण जाडीने रेझिस्टन्स उतरतो, इंडक्टन्स फारसा नाही. लांबी कमी करा, जाणारी आणि परतणारी वायर एकमेकींना पीळ द्या, किंवा गोल वायरऐवजी रुंद पट्टी वापरा.

स्टार ग्राउंडबद्दल, म्हणजे शून्याच्या सगळ्या वायरी एकाच बिंदूला आणून जोडण्याबद्दल, एक मत मांडतो, सगळ्यांना पटेलच असं नाही. सप्लायच्या आणि मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर स्टार उत्तम. पण १० मेगाहर्ट्झवर एक मीटर वायरचा इम्पीडन्स ६० ओहमच्या वर जातो, तिथे स्टारच्या पाकळ्या अँटेना होतात. म्हणून कार्डांदरम्यान पॉवरच्या वाटा स्टारने वेगळ्या ठेवायच्या, आणि प्रत्येक कार्डाच्या आत मात्र अखंड ग्राउंड प्लेन (शून्याचा सलग तांब्याचा थर) द्यायचा. प्लेन मधोमध चिरून ‘अॅनालॉग ग्राउंड’, ‘डिजिटल ग्राउंड’ असे तुकडे करायचे आणि त्या चिरेवरून ट्रॅक न्यायचे, याने मी तरी फायदा झालेला पाहिलेला नाही.

पायरी ४: उगमावर मारा

बळी पडणाऱ्या सर्किटला चिलखत घालण्यापेक्षा गोळी झाडणाऱ्याला आवरणं स्वस्त पडतं. कॉइलपासून सुरुवात करा. २४ व्होल्टची साधी रिले कॉइलसुद्धा तोडताना शेकडो व्होल्ट फेकते. डीसी कॉइलवर १एन४००७ उलटा लावा, कॉइलच्या टर्मिनलवरच. कार्डावर लावला तर मधली दोन मीटर वायर नॉइज पसरवत राहते. डायोडमुळे रिले सुटायला वेळ लागतो. ते चालणार नसेल तर डायोडच्या सिरीजमध्ये झेनर घाला. एसी कॉइलवर डायोड चालत नाही, तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडी. कपॅसिटर एक्स-२ दर्जाचाच, म्हणजे थेट मेन्सवर लावायला बनवलेलाच घ्या.

मग स्विचेस. बसच्या मोठ्या कपॅसिटरपासून आयजीबीटीपर्यंतचा वेढा जितका मोठा तितकं रिंगिंग जास्त. धन आणि ऋण पट्ट्या मधे पातळ इन्सुलेशन ठेवून एकावर एक बसवल्या तर इंडक्टन्स झपकन उतरतो. मॉड्यूलच्या टर्मिनलवर थेट स्क्रूने बसणारा फिल्म कपॅसिटर लावा, वायर जोडून लांब लटकवलेला नको. गेट रेझिस्टर वाढवला की उडीचा वेग कमी होतो आणि नॉइज घटतो, पण स्विचिंगचा लॉस आणि उष्णता वाढते. निदान म्हणून मात्र ही युक्ती झकास आहे: गेट रेझिस्टर तात्पुरता दुप्पट करा, हलक्या लोडवर पाहा. फॉल्ट गायब झाला तर नॉइज स्विचिंगच्या कडेवरूनच (चालू-बंद होण्याच्या क्षणातून) येतो हे पक्कं.

वरचा स्विच चालू होताना खालचा आपोआप किंचित उघडत असेल तर तोही नॉइजचाच प्रकार आहे. कलेक्टर आणि गेटमधल्या कपॅसिटन्समधून करंट गेटमध्ये घुसतो. बंद असताना गेटला ऋण व्होल्टेज द्या, आणि गेटची परतीची वायर मुख्य एमिटर टर्मिनलवरून न घेता मॉड्यूलच्या वेगळ्या छोट्या एमिटर पिनवरून घ्या.

पायरी ५: आयसोलेशन खरंच आयसोलेशन आहे का

ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल पाठवून दोन सर्किटं वेगळी ठेवणारा आयसी) बसवला म्हणजे काम झालं, हा फार महागात पडणारा समज. ऑप्टोच्या दोन बाजूंमध्ये थोडा कपॅसिटन्स असतोच, आणि वेगवान उडीला तो पूल वाटतो. डेटाशीटमध्ये ‘कॉमन मोड ट्रान्झिएंट इम्युनिटी’ हा आकडा शोधा. तो तुमच्या स्विचच्या उडीपेक्षा बराच मोठा हवा. सुरुवातीच्या हिशेबातली ६०० व्होल्टची उडी मायक्रोसेकंदाला ६ किलोव्होल्टची आहे. सिलिकॉन कार्बाइडचे स्विच याच्या कित्येक पट वेगाने उडतात. साधे स्वस्त ऑप्टो पुशबटणासाठी ठीक, गेटसाठी नाहीत. आजच्या डिजिटल आयसोलेटरमध्ये मायक्रोसेकंदाला १०० किलोव्होल्टपर्यंतची सहनशक्ती सहज मिळते.

ऑप्टोची एलईडी बंद असताना तिची दोन्ही टोकं मोकळी राहू देऊ नका. एलईडीच्या समांतर ट्रान्झिस्टर लावून, बंद स्थितीत तो एलईडीला शॉर्ट करेल असं सर्किट करा. मग घुसलेल्या करंटला एलईडी पेटवता येत नाही. ६एन१३७ सारख्या ऑप्टोला आउटपुट बाजूला सप्लाय पिनांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड हवाच. तो दोन सेंटिमीटर लांब लावलेली कार्डं माझ्याकडे नेहमी येतात.

आणि सगळ्यांची नजर चुकवणारी जागा: आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल. ऑप्टो उत्तम निवडला, पण शेजारच्या मॉड्यूलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ५० पिकोफॅरड असेल तर ६ किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाला ३०० मिलिअँपिअर लॉजिकच्या शून्यात जातात. मॉड्यूल घेताना हा आकडा आधी बघा, वॉट नंतर. बोर्डावर आयसोलेशनच्या रेषेखालून कुठल्याच थरात तांबं ओलांडलेलं नसावं. अंतर फार असेल आणि वातावरण फारच वाईट असेल तर प्लॅस्टिक फायबर घाला आणि विषय संपवा.

पायरी ६: इनपुट मजबूत करा

प्रत्येक आयसीला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, पिनला खेटून, हे लिहायचीही गरज नसावी. न वापरलेले सीमॉस इनपुट मोकळे सोडू नका. रीसेट पिनवर ठोस पुल-अप आणि कपॅसिटर हवा, आणि मायक्रोकंट्रोलरची ब्राउनआउट सोय (सप्लाय खाली गेला की रीसेट करणारी) चालू ठेवा.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वायरीला कार्डात शिरताक्षणी आरसी फिल्टर आणि मग श्मिट ट्रिगर (चढताना आणि उतरताना वेगवेगळा उंबरठा असलेला गेट), उदाहरणार्थ ७४एचसी१४. १ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड म्हणजे १ मायक्रोसेकंद, वेगवान फॉल्ट सिग्नलसाठी ठीक. पुशबटण आणि लिमिट स्विचला १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड, म्हणजे १ मिलिसेकंद. फिल्टर घेणाऱ्याच्या बाजूला लावायचा. पाठवणाऱ्याकडे लावला तर पुढच्या वायरीत नॉइज पुन्हा शिरतो. आणि श्मिटशिवाय आरसी लावू नका, कारण हळू चढणारी कड साध्या गेटच्या उंबरठ्यावर रेंगाळते आणि एकाच्या चार पल्सेस निघतात.

लांबून येणाऱ्या स्विचसाठी ५ व्होल्ट आणि १० किलोओहम हा भिकारी सौदा आहे. २४ व्होल्ट आणि ५-१० मिलिअँपिअर वाहू द्या, मग ऑप्टो. अॅनालॉगला ० ते १० व्होल्टपेक्षा ४ ते २० मिलिअँपिअर बरा. वेगवान सिग्नलला डिफरेन्शियल जोडी, म्हणजे सिग्नल दोन वायरींमधल्या फरकात पाठवायचा. पण अशाच जोडीवर चालणाऱ्या आरएस-४८५ चा रिसीव्हरसुद्धा उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेरचा शून्याचा फरक सोसत नाही, म्हणून दोन कॅबिनेटच्या मधे आयसोलेटेडच घ्या.

पायरी ७: वायरी

पॉवर आणि सिग्नल एका डक्टमध्ये नकोत. ओलांडायचंच असेल तर काटकोनात. सिग्नलची प्रत्येक वायर तिच्या परतीच्या वायरीबरोबर पिळलेली. शिल्डचं एक टोक जोडायचं की दोन्ही, यावर वाद घालण्यात संध्याकाळी जातात. हळू अॅनालॉगसाठी एक टोक, मेगाहर्ट्झच्या नॉइजसाठी दोन्ही टोकं, आणि ती पूर्ण गोलाईने क्लँप करून बॉडीला. शिल्ड उलगडून त्याची दहा सेंटिमीटरची शेपटी टर्मिनलला लावली की शिल्डचा बहुतेक फायदा गेला. पॅनेलच्या प्लेटवरचा रंग खरवडायला विसरू नका.

पायरी ८: प्रोग्राम, सगळ्यात शेवटी

वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर रीसेट करणारा टायमर), इनपुट तीनदा वाचून बहुमत घेणं, पोर्टची दिशा ठरवणारी रजिस्टर्स दर फेरीत पुन्हा लिहिणं, हे सगळं करा. एडीसीचा (अॅनालॉगचा आकडा करणाऱ्या भागाचा) नमुना स्विचिंगच्या कडेवर न घेता पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे स्विच चालवणाऱ्या पल्सच्या, मधोमध घ्या, यासारखा फुकटचा उपाय नाही. पण हार्डवेअरचं ओव्हरकरंट ट्रिप प्रोग्रामच्या भरवशावर ठेवू नका. त्या लाइनची सक्रिय पातळी अशी निवडा की वायर तुटली तरी ट्रिपच व्हावा.

पायरी ९: मारून बघा

ठीक झालं असं वाटलं की छळायला घ्या. प्रयोगशाळेत यासाठी आयईसी ६१०००-४-४ ची चाचणी असते: ५ नॅनोसेकंदांत चढणारे, ५० नॅनोसेकंद टिकणारे पल्सेस, १५ मिलिसेकंदांचे झुबके, दर ३०० मिलिसेकंदांनी. ते यंत्र हाताशी नसेल तर एक जुना रिले घ्या. कॉइल त्याच्याच नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टमधून २४ व्होल्टवर जोडा, डायोड मुद्दाम न लावता. रिले सतत गुणगुणत राहतो आणि दर वेळी ठिणगी टाकतो. त्याच्या कॉइलची इन्सुलेटेड वायर, म्हणजे ज्या टोकावर कॉन्टॅक्ट आहे ती, तुमच्या सिग्नल केबलला मीटरभर गुंडाळा आणि काउंटरकडे बघा. टोकं उघडी ठेवू नका, चटका बसतो.

आधी एकेका केबलवर, मग सप्लायच्या वायरीवर, मग कार्डाच्या चारही बाजूंनी. जिथे चुकतं तिथे वरच्या पायऱ्यांतला उपाय. सगळीकडे टिकलं की आता लावलेले उपाय एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी रिले पुन्हा चालवा. ज्याच्या काढण्याने फॉल्ट परत येतो तो खरा उपाय. तो डायग्रामवर लाल शाईने लिहा, आणि मग सगळे परत बसवून पूर्ण लोडवर मशीन चालवा.